पथ्य सुटल्यावरचे सोळा दिवस

आमच्या घरात बोलायचं काम ह्यांचं. मी चौथी शिकलेली आणि पहिल्यापासून बुजरी. फुलबाजारात ह्यांच्या शेजारी बसून मी कितीतरी वर्षं झेंडू-शेवंती विकली, पण गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलले असेन तर शपथ. मी फुलं तोलायची, हे बोलायचे. एखादी बाई घासाघीस करायला लागली की म्हणायचे, "ताई, मला काय सांगता, तराजू मंडळींच्या हातात हाय. त्यांच्याशी बोला." बाई माझ्याकडे बघायची, मी मान खाली घालून बसायची, आणि ती हसून फुलं घेऊन जायची. आमचं असं छान चाललं होतं.

मग ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. मुलगा अंबडला कारखान्यात कायम झाला, त्याच वर्षी. मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात जायचं, चार-चार तास मशीनला जोडून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं, असं दीड वर्ष चाललं. मशीनचा त्रास ते हसून काढायचे. पथ्याचं मात्र त्यांना हसू येत नसे.

पथ्य असं, की मळेवाल्याला ते सांगणं म्हणजे थट्टाच. टोमॅटो नको, पालक नको, कोथिंबीर नको, द्राक्ष नको, केळं नको, शहाळ्याचं तर नावच काढायचं नाही. बाकीची भाजी बारीक चिरून उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं आणि उरलेल्या चोथ्याला फोडणी घालायची, तीही मिठाशिवाय. पाणी दिवसाला एक तांब्या, चहा धरून. आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. दाराशी झेंडू, बांधावर टोमॅटो, वांगी, मिरची. हे खाटेवर बसून टोमॅटोच्या झाडाकडे असे बघत बसायचे, की मी एकदा त्या झाडावर जुनं लुगडं टाकून दिलं. "बरं केलंस," म्हणाले, "परक्या बाईकडं बघू नाय."

आमच्याकडे कोणी कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही. आपल्या शेतात जे असेल ते पिशवीत घालून न्यायचं, त्याला वाणोळा म्हणतात. आजारी माणसाला तर हमखास नेतात. आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक वाणोळा नेमका ह्यांना न चालणारा. मोठ्या नणंदबाई निफाडकडे दिलेल्या, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांची द्राक्षाची बाग. दुखण्याच्या पहिल्या वर्षी अक्का द्राक्षांचं खोकं घेऊन आल्या आणि मी ते हातात धरून नुसती उभी राहिले. चालत नाही, एवढं तोंडाने म्हणवेना. त्या गेल्यावर खोकं शेजारी दिलं. ते त्यांच्या कानावर गेलं आणि पुढच्या खेपेला त्या दारातच म्हणाल्या, "माझ्या भावाच्या तोंडात माझ्या बागेचा एक मणी पडू नाय, एवढं काय वाईट केलंय मी तुझं?" मला उत्तर सुचलं ते दोन दिवसांनी. तेव्हापासून अक्का माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या.

आता पुढचं. हे तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

मशीनला वर्ष होत आलं तेव्हा एकदा दवाखान्यातून येताना रिक्षात हे मला म्हणाले, "डॉक्टरला एक विचारून ठेव. हे बंद केलं तर काय होईल? किती दिवस, आणि त्रास किती?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा की. तर म्हणाले, मी विचारलं की पोराला कळेल, त्याला वाटेल बापाने हात टेकले. शिवाय डॉक्टर समोर आला की माझ्या तोंडून चेष्टाच निघते, खरं काही निघत नाही. तू विचार.

पुढच्या वेळी मी डॉक्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत माणसं होती. डॉक्टर माझ्या मुलापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे असतील, पण पुरुषमाणूस, त्यात एवढं शिकलेला. मी परत फिरले. ह्यांना सांगितलं, विचारलं, चालू ठेवा म्हणाले. ते बरं म्हणाले. काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा विचारायला सांगितलं. मी पुन्हा दारापर्यंत गेले आणि पुन्हा तेच खोटं सांगितलं. तिसऱ्यांदा संक्रांतीच्या सुमारास सांगितलं, तेव्हा तर मी दारापर्यंतही गेले नाही, बाहेर बाकावर बसून आले. लाजेपायी असं झालं की मलाच उत्तर नको होतं, ते मला अजून सांगता येणार नाही.

माघातल्या एका मंगळवारी मशीन चालू असतानाच त्यांचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं. मशीन मध्येच काढावं लागलं. ते डोळे उघडत होते, पण मला अक्का अक्का म्हणत होते. मुलगा कारखान्यातून तसाच खाकी कपड्यांत आला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. ज्या दारातून मी दोनदा परत फिरले होते, तीच ती खोली.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. हृदय दमलं आहे, नेहमीचं मशीन आता झेपणार नाही. आयसीयूत ठेवून, श्वासाची नळी घालून, हळू चालणारं मशीन लावून बघता येईल, पण त्यातून ते घरी येतील असं वाटत नाही. नाहीतर मशीन थांबवायचं आणि घरी न्यायचं. मग आठ-दहा दिवस, कमी-जास्त. मुलाने ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, काय लागेल ते सगळं करा. डॉक्टरांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, ते स्वतः सांगण्यासारखे नाहीत आज. त्यांच्या मनातलं तुम्हाला जास्त माहीत. तुम्ही सांगा."

मुलगा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. आई काही बोलायची नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत. मी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि दीड वर्षात डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला.

"घरी नेलं तर टोमॅटो दिलेला चालेल का?"

"आई, काय विचारतेस तू," मुलगा म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी सरळ सांगितलं, चालेल. पाणी मात्र घोटघोटच द्या, नाहीतर छातीत भरेल. मीठ बेताने. बाकी त्यांना जे आवडतं ते थोडं थोडं द्या. टोमॅटोने, द्राक्षाने एखादा दिवस कमी होईलही, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. मग मी विचारलं, त्रास किती होईल. ते म्हणाले, झोप वाढत जाईल. दम लागला तर बसतं करा, वारं घाला. औषध लिहून देतो, आणि अडलं तर फोन करा. इतकं सोपं होतं ते. दारातून आत यायचं आणि विचारायचं.

मग मी मुलाकडे वळले. "त्यांनी मला हे विचारायला तीनदा पाठवलं होतं. मी विचारलं नाही आणि त्यांना खोटं सांगितलं. आता त्यांना घरी न्यायचं."

तो उठून बाहेर गेला. मला कागदावर सही करायची होती. मी सही केली नाही, पूर्ण नाव लिहिलं, काने-वेलांट्या सगळं नीट. पेन परत घ्यायला डॉक्टरांनी हात पुढे केला होता, तो मागे घेऊन ते थांबून राहिले. अक्षर वाकडं येऊ नये याची मला का कोण जाणे फार काळजी लागली होती.

घरी आणल्यावर दोन दिवस ते झोपून होते. शुक्रवारी सकाळी डोळे उघडून म्हणाले, "आज मशीनचा वार ना? बाहेर जायचे कपडे काढ." मी खाटेजवळ बसले आणि सगळं सांगितलं. मशीन बंद केलं, मी सांगितलं म्हणून. आणि मागे तीनदा मी तुम्हाला खोटं बोलले.

"माहीत हाय," ते म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाला ते सांगताना तू बघत होतीस भिंतीकडं. मोठ्या खोटं बोलणाऱ्या लागून गेल्या."

"मग परत परत कशाला पाठवायचात?"

"म्हटलं, जाईल कधी ना कधी आत."

मी बांधावर गेले, लुगडं काढलं आणि एक पिकलेला टोमॅटो तोडून आणला. उन्हाने कोमट झाला होता. विळी न घेता हातानेच फोडला, वर चिमूटभर मीठ टाकलं. त्यांनी आधी नुसता वास घेतला. मग तोंडात घातला, डोळे मिटले, रस हनुवटीवरून गळ्यापर्यंत आला तो पुसू दिला नाही. मी वाट बघत होते काय म्हणतात त्याची. डोळे उघडून म्हणाले, "आंबट हाय. तुझ्याच्यानं झाडाला खत घालणं झालं नाय वाटतं." आणि दुसरी फोड मागितली.

आमच्या भागात 'घरी आणलंय' म्हटलं की माणसं समजायचं ते समजतात. रविवारी अक्का आल्या त्या बांधापासूनच हंबरडा फोडत. मागून त्यांचा गडी खोकं घेऊन येत होता, कारण रडायला आल्या तरी वाणोळा सुटत नाही. ओसरीवरून ह्यांचा आवाज आला, "अक्का, रडणं राहू दे, आधी खोकं उघड." अक्का होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मग पदराने तोंड पुसून त्यांनी भावाला पहिली शिवी दिली आणि दुसरी मला, मेलीने नीट निरोप धाडला नाही म्हणून. त्या राहिल्या त्या शेवटपर्यंत. रोज सकाळी चार मणी सोलून, बी काढून भावाला भरवायच्या. चारच, पाचवा नाही. त्यांनी एकदा मला विचारलं, पहिल्याच वर्षी सांगितलं असतंस की पथ्य आहे, तर काय झालं असतं? मी म्हटलं, तोंडातून निघालं नाही. अक्का म्हणाल्या, "तुझ्या माहेरच्यांनी तुला बोलायला शिकवायच्या आधीच उजवून टाकली काय?" आणि एक मणी माझ्याही तोंडात कोंबला.

मग वाणोळ्यांची रीघच लागली. दीड वर्षात ज्याला ज्याला नाही म्हणावं लागलं होतं, त्याने त्याने आता आणलं. विंचूरकडच्या पाहुण्यांनी कांदे आणले, कोणी हरभऱ्याचे ढाळे, कोणी पालकाच्या जुड्या, कोणी पपई. खाणारा माणूस दिवसाला चार मणी आणि दोन फोडी खाणारा. ओसरीत पाय ठेवायला जागा उरेना. मळ्यातलं पीक फेकायचं पाप आमच्या हातून होत नाही, म्हणून अक्का आणि मी आलेल्या माणसाची पिशवी दुसऱ्याच्या वाणोळ्याने भरून परत पाठवायला लागलो. कांदे आणणारा द्राक्षं घेऊन जायचा, पपईवाला ढाळे. एक दिवस शेजारच्या मळ्यातले भाऊजी निघाले तेव्हा मी घाईने त्यांच्या पिशवीत एक फ्लॉवरचा गड्डा टाकला. ते पायरीवर थांबले, गड्डा बाहेर काढून उलटसुलट बघितला. फ्लॉवरला ऊन लागून तो पिवळा पडू नये म्हणून वर पानं बांधतात, आणि प्रत्येकाची बांधायची तऱ्हा वेगळी. "वहिनी," ते म्हणाले, "ही गाठ माझी हाय. सोमवारी मीच आणला होता."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. हे इतके हसले की त्यांना बसतं करून पाठ चोळावी लागली. "घेऊन जा, घेऊन जा," दम लागलेला असतानाच म्हणत होते, "उद्या परत आण."

ह्या सगळ्यात मुलगा नव्हता. तो कामावरून यायचा, बापाजवळ बसायचा, त्यांचं तोंड पुसायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही. त्यांच्या तोंडाजवळ द्राक्ष गेलं की उठून बाहेर जायचा. एकदा ताट घेताना हळूच म्हणाला, "तू त्यांना काय भरवतेस ते तुझं तुला माहीत, आई." ते मला फार लागलं, कारण त्यात अगदीच खोटं नव्हतं.

आठव्या दिवशी त्यांनी दाढी करून घेतली, खाट बाहेर झेंडूच्या वाफ्याजवळ टाकायला लावली आणि फुलं तोडणाऱ्या बायांना नावं ठेवत बसले. ते बघून मुलगा म्हणाला, बघा, किती ताजे दिसतात, आता मशीन झेपेल, उद्याच नेऊ. अक्काही म्हणाल्या, खरंच की. आणि मलाही वाटलं. माणूस समोर बसून हसतो आहे, त्याला कोण सोडील? डॉक्टर चुकले असतील, मी चुकले असेन, असं सगळं मनात आलं. मी कोणाला न सांगता पायांत चपला घातल्या आणि नाक्यावरच्या फोनच्या टपरीवर गेले. फोन लावायचं माझं ते पहिलंच. टपरीवाल्याने डॉक्टरांच्या कागदावरचे आकडे दाबून दिले. बोलले मात्र मी.

डॉक्टर म्हणाले, लावता येईल, मी नाही म्हणणार नाही. पण हृदय तेच आहे. त्या मंगळवारी झालं तेच पुन्हा होईल, आणि तुम्ही पुन्हा ह्याच खोलीत बसाल. आत्ता शुद्धीवर आहेत ना, मग त्यांना स्वतःलाच विचारा.

मी परत येऊन खाटेसमोर उभी राहिले. मुलगा होता, अक्का होत्या, फुलं तोडणाऱ्या बायाही होत्या. मी सगळ्यांसमोर विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला शुद्ध नव्हती म्हणून मी ठरवलं. आज शुद्ध आहे. मशीन परत लावायचं का? डॉक्टर म्हणतात, लावता येईल."

"तुला कधी म्हणाला डॉक्टर?"

"आत्ता. फोनवर."

"तू फोन केलास?" ते कोपरावर उठून बसायला बघत होते. "एकटीनं? अक्का, ऐकलं का, हिनं फोन केला." त्यांना मशीनपेक्षा त्याचंच नवल. काय काय बोललीस, आधी तू हॅलो म्हटलंस का त्याने, आवाज चढवावा लागला का, सगळं खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"दमलो होतो रे मी," ते म्हणाले. "तुझ्या तोंडाकडं बघून मला म्हणवत नव्हतं, म्हणून हिला पाठवायचो. हिनं ठरवलं ते मला पसंत हाय. मशीन नको. तू रजा टाक आणि चार दिवस झेंडू तोड, ह्या बाया लय सावकाश तोडतात."

ह्या वेळी चेष्टेत का होईना, खरं निघालं होतं. मुलगा त्यांच्या पायांशी बसला आणि बराच वेळ पोटऱ्या दाबत राहिला. उठताना मला म्हणाला, "आई, चहा टाक ना." आठ दिवसांत तो माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलला.

त्याने खरंच रजा टाकली. दिवसभर बसून यंत्र चालवणारा तो, फुलं तोडायचं विसरला होता. फुलांबरोबर कळ्याही ओढायचा. खाटेवरून बारीक आवाजात आरडाओरडा चालायचा, "अरे, बारसं तरी होऊ दे तिचं, पाळण्यातूनच उचलतोस व्हय?" बाया खाली बसून हसायच्या. मुलगाही हसायचा आणि मुद्दाम आणखी एक कळी तोडायचा. मी ओसरीतून बघायची. लग्नाला किती वर्षं झाली होती आमच्या, पण इतकी हसणारी माणसं एका वेळी आमच्या दारात मी कधी बघितली नव्हती.

बाराव्या दिवसानंतर झोप वाढली, डॉक्टरांनी सांगितल्यासारखीच. टोमॅटो खाववेना, मी फोड नुसती ओठांना लावायची. सोळाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्यांना दम लागला. मुलाने खिशातून मोबाइल काढला, गाडी बोलवायला. आकडे न दाबता माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थांब. खिडकी उघड आणि त्यांच्या मागे बस." त्याने बापाला आपल्या छातीशी टेकवून बसतं केलं, अक्का पदराने वारं घालत राहिल्या, मी हात धरून होते. बारा वाजायच्या आत ते गेले. चेहरा ओढलेला नव्हता. रडलो आम्ही, खूप रडलो, ते काय लिहायचं.

सुतकात भेटायला माणसं येत होती. पाचव्या की सहाव्या दिवशी चुलत दीर आले, घरातले वडील माणूस. ओसरीवर पुरुष बसले होते, मी आत उंबऱ्याजवळ. चहाची कपबशी हातात घेऊन त्यांनी मुलाला मोठ्याने विचारलं, "मशीन बंद कोणी करायला सांगितलं? तुम्ही पोरांनी परस्पर काय ठरवलंत?"

मुलगा म्हणाला, "काका, ते वडिलांनीच..."

"तू थांब," मी म्हटलं आणि उंबरा ओलांडून बाहेर आले. "मी सांगितलं."

चुलत दिरांसमोर मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. मी खांबाला धरून उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. रिक्षातलं, तीनदा खोटं घेऊन परत आले ते, डॉक्टरांनी सांगितलेले दोन रस्ते, आणि माझा टोमॅटोचा प्रश्न. तिथे कोणीतरी खुदकन हसलं. मग ते अक्कांना काय म्हणाले ते सांगितलं, तेव्हा आतून अक्काच हसल्या. फ्लॉवरच्या गड्ड्याशी आले तर शेजारचे भाऊजी तिथेच बसलेले. ते म्हणाले, "थांबा, हे मी सांगतो," आणि त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. सुतकाचं घर, आणि रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती, आत काय चाललंय म्हणून.

चुलत दीर हसले नाहीत, पण शेवटी म्हणाले, "म्हणजे शेवटी खाऊन गेला तो."

"हो," मी म्हटलं, "रोज चार मणी. आणि टोमॅटो आंबट आहे म्हणाले."

त्यांचा चहा कधीच गार झाला होता. मी कपबशी त्यांच्या हातातून घेतली आणि दुसरा टाकायला आत गेले.